मीटर नको म्हणणारे घड्याळजी

घड्याळजींनी पत्र्यावर सोलर पॅनेल बसवलं, तेव्हा सगळ्या वस्तीत कंदील होते. मोबाइल चार्ज करायला शेजारपाजारचे त्यांच्याच ओट्यावर जमायचे. उन्हं वर आल्यावर उठणाऱ्याला आपण सूर्यवंशी म्हणतो. हे तर भल्या सकाळी शिडी लावून पॅनेल पुसायचे, तरी नाव तेच पडलं. ते मनातून सुखावायचे.

त्यांची बायको पुढच्या खोलीत लोकांचे कपडे इस्त्री करायची. सोलरवर दिवे लागायचे, छोटा पंखा फिरायचा, पण इस्त्री लावली की बॅटरी मान टाकायची. त्यामुळे तिच्या हातात ती जडशीळ कोळशाची इस्त्रीच राहिली.

पुढे वस्तीत विजेची लाइन आली. वायरमन दारात येऊन म्हणाला, "काका, मीटर कुठं बसवू?"

"आमच्याकडे उजेड आहे," घड्याळजी ऐटीत म्हणाले. "तुमची लाइन गेली की तुम्हीच याल माझ्या दारात!"

आत निखारे फुंकणाऱ्या बायकोनं मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली.

लाइन खरंच सारखी जायची. "बघ, गेली!" घड्याळजी ओरडायचे. ती नुसती "हं" म्हणायची. समोरच्या शिंप्यानं विजेची इस्त्री घेतली. तिच्याकडची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, कपड्यांवर राख पडते म्हणून. ती जास्तच जपून, जास्त वेळ उभी राहून काम करू लागली. शेवटी तिचा उजवा खांदा असा धरला की हात वेणीपर्यंतही जाईना. डॉक्टरांनी इस्त्री कायमची बंद करायला सांगितलं.

त्याच आठवड्यात घड्याळजी स्वतः जाऊन मीटरचा अर्ज देऊन आले. वीज आली, तशी नवी इस्त्री आणून त्यांनी तिच्यापुढं ठेवली. तिनं ती डाव्या हातानं उचलून पाहिली.

"किती हलकी आहे हो!"

"अगं, तेव्हाच बोलायचं होतंस."

"तुम्ही शिडीवर गाणं म्हणत चढायचात," ती म्हणाली. "इतकं खुशीत तुम्हाला मी कधी पाहिलं नव्हतं. कुठल्या तोंडानं बोलणार?"

"मी करतो इस्त्री, तू फक्त सांग," असं म्हणून घड्याळजींनी शेजाऱ्याचा शर्ट घेतला आणि कॉलर जाळली. ती खळखळून हसली. तेही हसले, पण मग तोंड फिरवून खिडकीशी गेले.

गिऱ्हाइकं समोरच्या शिंप्याकडे गेली, ती परत आलीच नाहीत.