मावशीचा गेम आणि आजोबांची सही

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही दोघं भांडलात. गेम ही कला, की नुसता टाइमपास? "आजी, तूच सांग," म्हणालात आणि मी "नंतर बघू" म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला तो वाद आता ऐकवत नाही. आपल्या घरात तो दोन वर्षं चालला, जेवणाच्या टेबलावर, आणि मधोमध मी बसलेली. तेव्हा एकदाच नीट लिहून देते.

तुमचे आजोबा चित्रकलेचे शिक्षक. नोकरीची पहिली काही वर्षं सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर गेली. तुमच्या मावशीचं लहानपण तिथेच गेलं. पुढे आम्ही नाशकात आलो, ती कॉम्प्युटर शिकली, आणि चांगली नोकरी सोडून एकटीने एक गेम करत बसली. त्यात एक म्हातारी आहे. दिवाळीनंतर घरातली सगळी माणसं द्राक्षांच्या बागांत कामाला जातात, ती मागे राहते. आपण तिच्याकडून झाडून घ्यायचं, पाणी आणायचं, ओट्यावर बसायचं. बस्स.

मावशीने तो गेम शहरातल्या एका चित्रप्रदर्शनासाठी दिला. निवड समितीत आजोबा होते. समितीने नाकारला. पत्रावर सही आजोबांची.

"ज्यात जिंकायचं असतं ती कला नव्हे," ते म्हणाले.

"यात जिंकायचं नाहीच आहे, बाबा."

"मग त्याला खेळ तरी कशाला म्हणतेस?"

"तुम्ही खेळून बघितलात का?"

"चित्र बघायला बटणं दाबावी लागत नाहीत."

"नाही ना. चित्रं बघायला येतात ते चहा पिऊन जातात."

मला हसू आलं. ते दोघांनाही आवडलं नाही.

मावशीने गेम इंटरनेटवरही टाकला होता; परदेशातून कोणी कोणी त्याबद्दल इंग्रजीत लिहायचं. मी ते आजोबांना मराठीत सांगायचे. एकीने लिहिलं होतं, खेळताना रडू आलं. आजोबा म्हणाले, "कांदा चिरतानाही येतं."

मावशी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागली. तिला प्रदर्शन नको होतं. बाबांनी एकदा शेवटपर्यंत खेळावं, एवढंच हवं होतं. हे ती मला म्हणाली, त्यांना कधीच नाही.

मी खेळले. म्हातारीचं घर लख्ख ठेवलं, रोज संध्याकाळी दार लावून कडी घातली. चार वेळा खेळले. चारही वेळा पावसाळा आला, पडदा काळा झाला, परत कोणी आलं नाही. "यात काहीतरी बिघाड आहे गं," मी मावशीला म्हटलं. ती नुसतं "असेल" म्हणाली.

पुढे हात थरथरायला लागला तसा आजोबांनी ब्रश ठेवला. एका दुपारी कंटाळून मला म्हणाले, "अगं, ते म्हातारीचं लाव." मावशी स्वयंपाकघरातून येऊन मागे उभी राहिली. आजोबांना धड झाडताही येईना. गेममध्ये संध्याकाळ झाली.

"अहो, दार लावा," मी म्हटलं.

"पाड्यावर कोण दार लावतं? माणसं बाहेरगावी असली की काठी आडवी ठेवायची. आपली माणसं येतील तेव्हा बाजूला करतात." मग पडद्याकडे बघत, "काठी कुठाय?"

"कोपऱ्यात, बाबा."

त्यांनी काठी आडवी ठेवली. पावसाळ्याच्या तोंडावर डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं ओट्याशी आली, काठी बाजूला करून आत शिरली. आजोबांनी माउसवरचा हात काढला.

"काठी बरोबर आहे," ते म्हणाले.

"आणि कला?" मावशीने विचारलं.

"ते मला नाही ठरवता येत. सही करायच्या आधी बघायला हवं होतं मी."

रात्री ती त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून जेवायला बसली.

आजोबा आता नाहीत. मावशी सिन्नरच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग करते, थकून घरी येते. दुसरा गेम तिने केला नाही. नव्या लॅपटॉपवर म्हातारीचा गेम उघडत नाही. जुन्यावर, चार्जर लावून ठेवला तर, अजून उघडतो.