डॉक्टरांची गाडी हळू चालायची

गाडीवरून उतरलं की ते आधी पिशवीतून शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा काढायचे. तो जमिनीवर ठेवायचा, त्यावर स्टँड टेकवायचं, मग दोन बोटांनी गाडी जराशी हलवून बघायची, उभी राहतेय का पडतेय. राहिली, की हेल्मेट काढायचं आणि म्हणायचं, "आलो बाबा एकदाचा."

आमच्याकडं काळी जमीन. पावसाळ्यात स्टँड रुततं आणि गाडी आडवी होते, हे खरंच. पण हे चैत्रातसुद्धा फरशी ठेवायचे. चैत्रात आमच्या अंगणात पहार मारली तरी ठिणगी उडेल, गाडी कशाची रुततेय!

आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. तसे ते डॉक्टर नव्हते. जनावरांच्या दवाखान्यातून यायचे आणि गाई भरवायचे. म्हणजे गाय माजावर आली की दवाखान्यात फोन करायचा, मग हे येऊन इंजेक्शनासारख्या नळीनं काम करून जायचे. आता घरोघरी वळू कोण पोसतंय? काटेवाडीच्या आसपासच्या आमच्या वाड्यावस्त्या सगळ्या त्यांच्याकडं. पूर्वी बारामतीहून एसटीनं यायचे, मग गावं वाढवून दिली आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला मोटारसायकल घ्यावी लागली. मागं वळूचं बीज ठेवायची थंड वायूची टाकी बांधलेली, पुढं हे कोंबडी पकडल्यासारखं हँडल धरून.

नवा गाडीवाला तुम्हीही पाहिला असेल. पण असा पाहिला नसेल. उसाच्या सीझनला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं असला, की हे त्याच्यामागं कारखान्याच्या फाट्यापर्यंत. ट्रॉलीतून पडलेल्या उसावरून एकदा चाक घसरलं होतं, तेव्हापासून रस्त्यात ऊस दिसला की उतरायचं, तो उचलायचा, कडेला नीट ठेवायचा आणि मग पुढं जायचं. शाळेची पोरं त्यांच्या मागनं चालत यायची. ऊस खायला.

थंडीत उसाच्या रानातनं धुकं उठतं, तेव्हा हेल्मेटच्या काचेवर वाफ धरायची. मग एका हातानं काच पुसायची तर एक हात सुटतो, म्हणून थांबून पुसायची. आषाढातल्या वाऱ्यात त्यांचा रेनकोट असा फुगायचा की लांबून वाटायचं, गाडीवर कणगी बसलीय. उन्हाळ्यात सीट तापते म्हणून ओलं बारदान टाकायचे आणि उतरले की मागची बाजू ओली. तात्या, आमचे शेजारी, मुद्दाम विचारायचे, "डॉक्टर, लईच घाबरला काय हो वाटंत?"

ते हसायचे. "रस्ता कुठं पळून चाललाय का, तात्या?"

"रस्ता न्हाय, पण गाय थांबंल का?"

सकाळी सातला फोन करावा आणि डॉक्टरांनी चारला उगवावं. लोक हसायचे, शिव्या घालायचे, पुन्हा हसायचे. मीही हसायचे. का खोटं बोला?

आता आमच्या तांबीचं सांगते. ही जन्मली आणि तिसऱ्या दिवशी हिची आई गेली. मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. माझा पदर तोंडात धरल्याशिवाय झोपायची नाही. ती दोनदा उलटली. उलटली म्हणजे भरवली, पण गाभण राहिली नाही. दोन्ही वेळेला आमच्या थोरल्यानं डॉक्टरांची वाट न बघता एका खाजगी माणसाला बोलावलं होतं. तो दहा मिनिटांत हजर. काय त्याची गाडी! धूळ बसायच्या आत काम करून परत.

थोरला म्हणाला, "आई, आता शेवटची खेप. उलटली तर बाजार."

मी म्हटलं, "मग ह्या खेपंला आपल्या डॉक्टरला बोलवायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची न्हाय मी."

"तुझा डॉक्टर पोचस्तोवर माज उतरंल तिचा."

तांबी हंबरली ती नेमकी भाद्रपदात, भर पावसाच्या सकाळी. फोन केला. "येतो आक्का. रस्ता निसरडा हाय, जरा येळ लागंल." दहा वाजता पाऊस उघडला. अकरा झाले, बारा झाले. थोरला अंगणात येरझाऱ्या घालतोय, हातात फोन, त्या दहा मिनिटवाल्याचा नंबर काढलेला. एक वाजता मी दळणाचा डबा उचलला आणि गिरणीत जाता जाता बघून येते म्हणून फाट्यावर गेले. जीव नुसता तांबीपाशी.

फाट्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये डॉक्टर. बाकावर मांडी घालून भाकरी खाताहेत. गाडी शेजारी कोरडी ठणठणीत.

"डॉक्टर! हितं काय करताय?"

ते दचकले. घास गिळून म्हणाले, "पावसाची वाट बघतोय, आक्का."

"पाऊस तर थांबला की कवाच."

"त्येच तर. आता कारण काय सांगावं, त्या इचारात हाय."

मी डबा खाली ठेवला. अशी तापले की विचारू नका. माझी गाय बाजारात जायची वेळ आणि ह्या बाबाला कारण सुचत नाही!

"बसा," म्हणाले. "सकाळी माज दिसला तर दुपार कलल्यावर भरायची. संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी भरली की उलटती. चौदा वर्सं ह्येच सांगत आलो. कुणी ऐकलं न्हाय. म्हणायचे, आलाय तर भर की, न्हाय तर दुसऱ्याला बोलावतो. भरायचो. उलटायची. आन वरनं म्हणायचे, ह्याच्या हाताला गुण न्हाय."

"मग?"

"मग गाडी घेतली. पयल्या वर्षी खरंच भ्यायचो, खरंच उशीर व्हायचा. आन आक्का, गाई राहायला लागल्या. तवा कळलं. शास्तर सांगितलं तर माणूस भांडतं. भितो म्हणलं की हसतं, पण थांबतं. तुमच्या थोरल्यासारखा एखादा सोडला तर."

"म्हंजे गाडी येती तुमाला?"

"इंदापूरला सासुरवाडीला जातो तवा घरची मागनं वराडती, जरा हळू घ्या म्हणून."

मला हसावं का रडावं कळेना. गावभर मी ह्या माणसाच्या नकला करून दाखवलेल्या.

"कुणाला बोलू नका. कळलं की पुन्हा पयल्यासारखं," म्हणाले आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडला.

घरी येऊन थोरल्याला सांगितलं, डॉक्टरांची गाडी चिखलात रुतलीय, माणसं काढताहेत. बोलावू नकोस कुणाला, येतील. तो कपाळाला हात लावून बसला. सव्वाचारला डॉक्टर आले. येताना कुठल्या तरी डबक्यातून मुद्दाम गाडी घातलेली दिसत होती, गुडघ्यापर्यंत चिखल. थोरला नाही नाही ते बोलला. ते मान खाली घालून काम करत राहिले. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

तीन महिन्यांनी त्यांनीच तपासून सांगितलं, गाभण आहे. थोरला म्हणाला, "नशीब आपलं." मी तांबीपुढं पेंड ठेवली.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, इंदापूर तालुक्यात, तिकडं धरणाच्या पाण्याकडच्या गावांना. दूध डेअरीपुढं नारळ आणि शाल देऊन निरोप दिला. भाषणं सगळी गाडीवरच. तात्या म्हणाले, "आज निघालात तर डॉक्टर, दिवाळीपतुर पोचाल." लोक पोट धरून हसले. तेही हसले. हात जोडून म्हणाले, "लई सांभाळून घेतलंत मला." मी हसले नाही, तर सून विचारते, "आत्याबाई, बरं न्हाय का?"

आता नवे डॉक्टर आलेत. हुशार आहेत, फोन ठेवायच्या आत येतात. तेही सांगतात, जरा थांबा, आणि लोक त्यांनाही म्हणतात, आलाय तर भरा.

म्हणून सकाळी गोठ्यात गाय हंबरली, तरी मला ऐकू येत नाही. समोर माज दिसत असतो, तोही दिसत नाही. अडीच-तीनला मी थोरल्याला हाक मारते, "आरं, हिला बघ रं, मला आत्ता कळलं." तो कपाळाला हात लावतो. आईचे कान गेले, डोळेही गेले, असं डेअरीवर सांगतो. तात्या माझी नक्कल करतात म्हणे, बरी करतात. गाई राहताहेत.

सून मोतीबिंदूच्या मागं लागलीय. बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली तारीखसुद्धा घेऊन आली. जाईन म्हटलं. पण तांबीची कालवड या आठवड्यात पहिल्यांदा भरवायची आहे. तेवढं होऊ दे, मग दिसायला लागलं तरी चालेल.