हसऱ्या मूर्तीचा घाव

गुणवंताचा हात आधी चालायचा आणि डोकं मागाहून धापा टाकत यायचं. आखातातल्या मुहैस्नाहच्या मजूर-कॅम्पात, ज्याला सगळे सोनापूरच म्हणतात, त्याच्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकानं त्याच्या कानफटात खाल्ली होती. दिवसभर उंच इमारतींना लोखंडी पाइपांचे पायाड बांधणारा हात तो. बसला की डोळ्यांपुढे काजवेच. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. कुणी तापानं फणफणलं की पेज करून भरवणाराही हाच.

गाव भंडाऱ्याकडचं. लहानपणी बुद्धजयंतीच्या मिरवणुकीवर दगड आले, त्यात मोठ्या भावाचा डोळा फुटला. तेव्हापासून पोराच्या मनात पक्कं बसलं की बुद्धाला कुणी काही बोललं, की तो आपल्याला मारायलाच आलाय. विहारात पंचशील म्हणायचा, त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं, आणि बाहेर येऊन मुठी आवळायचा. त्यातली विसंगती त्याला कधी दिसली नाही. आपल्याला तरी आपली कुठे दिसते म्हणा!

त्यात खोलीचं ज्ञान अगाध. साताऱ्याचा प्रकाश लाडात येऊन म्हणाला, "बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार. म्हणजे आपलाच की!" प्रकाशचा दात गेला. दुसऱ्यानं विचारलं, "तुमच्यात रागवायला बंदी आहे ना?" त्याचं नाक फुटलं. तिसऱ्याला वाटे, दुकानाच्या गल्ल्यावर ठेवतात तो हसरा ढेरपोट्या म्हणजेच बुद्ध. पोट चोळलं की बरकत. गुणवंत त्याची कॉलर धरून ओरडला, "अबे, तो बुद्ध नोहे! तो चीनकडचा कोणी भिक्षू. आमचा बुद्ध माणूस होता, देव नोहे!" खरं होतं ते. पण गचांडी धरून सांगितलेलं खरं कुणाच्या कानात शिरतं?

जमायचं ते एका रामचंद्राशी. हा कुडाळचा म्हातारा गवंडी. त्याची रात्रपाळी, त्यामुळे ही भांडणं होत तेव्हा तो कधी खोलीत नसायचा. सुटीच्या दिवशी दोघं एका ताटात जेवत.

गुणवंताची पाच वर्षांची लेक संजना गावाकडे होती. तिच्या काळजाला भोक. सोमवारी नागपुरात ऑपरेशन ठरलं आणि गुणवंताचं खाणं-बोलणं सुटलं. रामचंद्राला ते बघवेना. त्याला एकच उपाय ठाऊक, गाऱ्हाणं. त्याच्या मुलखात संकट आलं की देवापुढे नारळ ठेवून मोठ्यानं मागणं घालतात आणि जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणून हुंकार भरतात. आता पोर गुणवंताचं, म्हणजे देवही गुणवंताचाच हवा. म्हातारा बाजारात गेला. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल बुद्धा, हबीबी," आणि रामचंद्र दगडाची जड, हसरी, ढेरपोटी मूर्ती पोटाशी धरून घेऊन आला. मागणं पोरीसाठी आहे म्हटल्यावर गुणवंत मूर्तीवरून भांडणार नाही, असं खोलीनं धरून चाललं.

रविवारी दुपारी गुणवंत आंघोळ करून परतला. दार उघडतो तर उदबत्तीचा धूर, समोर तो ढेरपोट्या, कपाळावर कुंकू, पुढ्यात नारळ.

"बा बुद्धदेवा म्हाराजा!" रामचंद्र हात जोडून गरजला.

"व्हय म्हाराजा!" सगळे बोंबलले. त्यातल्या निम्म्यांना मराठीच येत नव्हतं, ते खिदळायला लागले.

थट्टा! गुणवंतानं पुढचा शब्द ऐकलाच नाही. लाथेसरशी नारळ भिंतीवर फुटला. त्यानं दोन्ही हातांनी मूर्ती उचलली. रामचंद्र हसतच वळला, "इलंस? ये रे..." आणि पहिला घाव त्याच्या कानशिलावर पडला. हाड मोडल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. दुसरा खांद्यावर. प्रकाश मागून गळ्याला लोंबकळला, त्याला गुणवंतानं लोखंडी खाटेवर भिरकावलं. तिसऱ्यांदा मूर्ती वर गेली तेव्हा प्रकाश खाली पडल्या पडल्या किंचाळला, "संजनासाठी मागत होता तो! तुझ्या पोरीसाठी, हरामखोरा!"

रामचंद्राच्या कानातून रक्ताची धार लागली होती. मूर्तीवर कुंकू कोणतं आणि रक्त कोणतं ते कळत नव्हतं. गुणवंतानं मूर्ती खाली टाकली आणि खांद्यावरचा टॉवेल म्हाताऱ्याच्या कानाला दाबून धरला.

खोलीनं ठरवलं की म्हातारा वरच्या खाटेवरून पडला. गुणवंतानंही मान डोलावली. जेल झाली, घरी पाठवलं, तर पोरीचं औषधपाणी कोण करणार?

सोमवारी सकाळी इस्पितळात हिंदी बोलणारा पोलीस शिपाई आला. "साब, ऊपर के बेड से गिर गया," रामचंद्र म्हणाला. शिपाई उशाशी बसलेल्या गुणवंताकडे वळला, "तुम उधर था?"

रामचंद्रानं गुणवंताचं मनगट दाबलं आणि हळूच म्हणाला, "गप रव. मीया माफ केलंय. तुझो बुद्धय माफ करतलो."

गुणवंताला रडू फुटलं. "तो माफ नाही करत, काका. ते काम त्याचं नोहे. तो वाट दाखवते. केलेलं ज्याचं त्यालेच भोगा लागते." मग शिपायाकडे पाहून म्हणाला, "साब, ये गिरा नहीं. मैंने मारा. पत्थर की मूर्ती से."

रामचंद्र उठू गेला, डोक्याची पट्टी लाल झाली. "मेल्या, आणि चेडवाचा काय? आज ऑपरेशन आसा मा तिचा!"

गुणवंतानं बेडीसाठी दोन्ही हात पुढे केले. शिपायानं आधी त्याच्या खिशातला फोन काढून घेतला. नागपुराहून अजून काही कळलं नव्हतं.