पेनड्राइव्हवरचे तारे

लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात सरांनी आम्हां काही जणांना दुर्बिणीतून काढलेले फोटो वाटले होते. प्रत्येकाला आकाशाचा वेगळा तुकडा, आणि त्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो. सॉफ्टवेअरमध्ये ते एकामागून एक फिरवायचे. तारे जागेवर राहतात. एखादा ठिपका सरकताना दिसला, तर तो लघुग्रह असू शकतो. शनिवारपर्यंत ज्याचं काम चांगलं होईल त्याला सुट्टीत वेधशाळेत शिकायला पाठवणार होते. जागा एकच. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. ती जागा मला किती हवी होती, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझ्या शेजारी बसायची ती मुलगी लोणावळ्याचीच. वडिलांचं हॉटेल, लॅपटॉप नवा. ती बटण दाबायची आणि पापणी लवते तसे फोटो बदलायचे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पुढचा फोटो येईपर्यंत आधीचे तारे कुठे होते तेच मी विसरायची. सरकणारा ठिपका दिसणार कसा?

"पोचली का तुझी पॅसेंजर?" ती विचारायची.

मी हसायची, पण आतून जळायची. तिच्या लॅपटॉपवर, कॉलेजातून चालत घरी जाण्यावर, सरांशी न अडखळता बोलण्यावरही.

मला सुचलं ते सगळं मी करून पाहिलं. बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मशीन तापतंय असं वाटून त्याखाली स्टीलचं ताट उपडं घातलं. काही फरक पडला नाही.

"चाचानं दिला हेच लय झालं," आमच्या गावी, सुदुंबऱ्याला, घरी अम्मी म्हणाली. "त्याला नावं नगं ठिवू."

लॅपटॉप चाचांच्या दुकानाचा होता, आधी बिलं त्याच्यावरच व्हायची. मी नावं ठेवली नाहीत. पण सगळा दोष त्या जुन्या मशीनचा आहे, असं मनाशी म्हटलं की बरं वाटायचं. नवा असता तर मीही तिच्यापुढे असते.

गुरुवारी ती माझ्याकडे वाकली. "तो लाल दिवा का लुकलुकतोय सारखा?"

"पेनड्राइव्ह आहे."

"फोटो त्याच्यावरून उघडतेस? सगळे?"

"व्हय. म्हणजे, हो."

"अगं, दर वेळी तो तिथून वाचतोय. लॅपटॉपमध्ये कॉपी कर ना."

"चाचांचा आहे. त्यांच्या वस्तूत आपलं काही कसं ठेवायचं?"

आमच्याकडे मागून आणलेलं पातेलं घासून, रिकामं परत जातं. त्यात आपलं काही राहू द्यायचं नसतं. मी लॅपटॉपलाही तेच लावलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. "पाहुणी आहेस का त्यात? काम झालं की पुसून टाक."

मी चाचांना फोन केला. "मंग ठिव की," ते म्हणाले, "फकस्त माजी बिलं पुसू नगं." फोटो आत घेतले आणि तारे पटापट बदलू लागले. तिच्याइतके नाही, पण पुरेसे. मी तिला थँक्यू म्हटलं. मला खूप आनंद व्हायला हवा होता. पण हेही तिलाच दिसावं, याचीच खंत मोठी होती.

त्या दिवशी आणि शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर शेवटच्या एसटीपर्यंत मी तिथेच बसले. माझे सगळे फोटो पाहून झाले. सरकणारं काहीच सापडलं नाही. तिला दोन ठिपके सापडले.

"तुझं काम नीट आहे," शनिवारी सर मला म्हणाले. "तुझ्या तुकड्यात काही नसेलच. पण निवडताना जे सापडलं तेच मला धरावं लागतं." नाव तिचं जाहीर झालं. मी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ती माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आली. "तिकडे थंडी असेल का गं? आणि जायचं कसं, काहीच माहीत नाही मला."

मला सगळं माहीत होतं. कुठे उतरायचं, पुढे जीप कुठून मिळते, रात्री गच्चीवर किती गारठा असतो, सगळं मी केव्हाच शोधून ठेवलं होतं. क्षणभर वाटलं, मला तरी कुठे माहीत, असं म्हणून टाकावं.

"जाड स्वेटर ने," मी म्हटलं, आणि पुढचं एकेक सांगत गेले. ती मोबाइलवर टिपून घेत होती.