ताट आणि चमचा
स्टीलच्या ताटावर चमचा आपटला की मला कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीचा गणपतीचा मांडव आठवतो. मी नुकतीच राहायला आले होते, एकटी, ओळखीचं कुणी नाही. प्रश्नमंजुषेला जोडीनंच बसायचं असं ऐनवेळी जाहीर झालं आणि मी घरी जायला उठले, तेवढ्यात तळमजल्यावरच्या मावशी शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. "मला यातला काय येत नाय. तू सांग, मी वाजवीन," म्हणत त्यांनी घंटेऐवजी ठेवलेलं ताट मांडीवर ओढलं. कापराच्या धुरात निवेदक कधी इतिहासातलं विचारी, कधी कवितेतलं, कधी राग ओळखायला लावी, पण प्रश्न पुरा व्हायच्या आत मावशींचा चमचा ताटावर पडलेला असे. "अहो मावशी, प्रश्न तरी ऐकून घ्या!" तो वैतागला. "हिला येतंय," मावशींनी ठणकावलं. माझं नावही त्यांना माहीत नव्हतं. आणि मला खरंच येत गेलं. पुढच्या गणपतीआधी त्या लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. अजूनही जेवताना टीव्हीवर कुणी प्रश्न विचारतं, उत्तर माझ्या ओठांवर येतं, आणि मी हातातला चमचा आवाज होऊ न देता ताटात ठेवते.