मांडीवरचं स्टिअरिंग

शुक्रवार पेठेतल्या त्या मेस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. सत्तरचं दशक. आमच्या जुन्या पिकअपचं स्टिअरिंग चतकोर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. मंगळवेढ्याच्या बाजारासाठी चादरी भरून तयार होत्या. मला स्टिअरिंग हलवत बसवून तो गाडीखाली झोपला आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेला.

"दोन सांधे लई ढिले हायत."

"एवढी खेप मारून येतो, मग करा," मी म्हणालो.

त्यानं स्टिअरिंगच उपसून काढलं आणि ते मांडीवर घेऊन भाकरी खाल्ली.

"हे माझ्यापाशी हाय तंवर तुमी जात न्हाय."

बाजार हुकला. संध्याकाळी दोन्ही सांधे बदलून, स्टिअरिंग बसवून तो माझ्या शेजारी बसला. मोकळ्या सडकेवर म्हणाला, "आता हात सोडा."

मी सोडले. गाडी सरळ चालली होती. त्याचं समोर लक्षच नव्हतं. मान खाली घालून तो बिडी शिलगावत होता.