न लावलेली डिस्क

माणसाला काय पचतं ते नाडी पाहून सांगणारे वैद्य पुष्कळ असतील. पण गाडीतल्या प्लेअरला काय पचतं ते नुसत्या नजरेनं सांगणारा महापुरुष पृथ्वीवर एकच, आणि तो माझा साडू आहे. ब्रह्मपुरी-आरमोरी रस्त्यावर त्यांची काळी-पिवळी जीप धावते. जीपच्या ब्रेकबद्दल ते संतासारखे बेफिकीर, डॅशबोर्डमधल्या जुन्या प्लेअरबद्दल मात्र बाळंतिणीसारखे हळवे. डिस्क पुसायची ती खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या कोऱ्या टोकानं, मधून काठाकडे. गोल पुसणाऱ्याला ते जीपमधून उतरवत. फाईल एमपीथ्रीच हवी, फोल्डरमध्ये फोल्डर नको, आणि डिस्क सावकाश राइट केलेली हवी. एकदा एका नवरदेवाची गाणी प्लेअरनं घेतली नाहीत, तर यांनी वऱ्हाडासकट जीप वळवून मोबाईलच्या दुकानापुढे उभी केली. नवरदेवाचा मामा ओरडला, "अहो भाऊ, मुहूर्त चालला ना!" हे शांतपणे म्हणाले, "मुहूर्त दुसरा निंगते. प्लेअर अटकला त काय भटजी येते दुरुस्त कराले?" हा किस्सा स्टँडभर मीच पसरवला, थोडं तिखटमीठ लावून. त्यांच्या कीर्तीत माझा वाटा मोठा आहे, हे आज कबूल करताना जीभ कडू होते.

त्यांना एकच मुलगी, शालू. भामरागडकडे नर्स म्हणून गेली आणि तिथल्याच एका गावातल्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. त्या दिवसापासून साडूंनी तिचा फोन घेतला नाही. पण मुलगी बापाला ओळखून होती. फोन घेणार नाही, पण डिस्क हातात पडली तर लावल्याशिवाय राहणार नाही, असं तिला वाटलं. दसऱ्याच्या आधी आमच्या पत्त्यावर तिची डिस्क आली. वर शाईनं लिहिलेलं, 'बाबांसाठी'. मी ती स्टँडवर नेऊन दिली. साडूंनी ती उन्हात धरली, तिरपी केली, दोनदा फुंकर मारली आणि निकाल दिला, "नाई चालत ही. घाईत राइट केली हाय."

"लावून तर पाहा."

"मास्तर, पाहूनच समजते मले. काऊन उगाच प्लेअर खराब करता?"

एवढ्या मोठ्या तज्ज्ञापुढे कोण बोलणार! डिस्क काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचली गेली.

दिवाळीनंतर एकदा मी पुढच्या सीटवर होतो आणि ते चहाला उतरले होते. मला खोडी सुचली. मी डिस्क प्लेअरमध्ये सरकवली. प्लेअरनं ती लेकरानं घास घ्यावा तशी घेतली. शालू बोलू लागली: "बाबा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमी दोघं सोनं द्याले येतो. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर थांबतो. तुमच्याच गाडीत बसून घरी येऊ. गाडी नाई थांबवली, त समजून जाऊ."

दारात साडू कधी येऊन उभे राहिले होते, मला कळलंच नाही. ते म्हणाले, "दिसली होती मले त्या दिवशी. हातात आपट्याची पानं होती. वाटलं, आली असन कोणाकडं. तिच्यासमोरून सवाऱ्या भरून घेऊन गेलो, मास्तर."

आता ते फोन लावतात. रिंग जाते, उचलत कोणी नाही. शेवटी त्यांनी स्वतःच एक डिस्क करून घेतली. एवढी सावकाश, की दुकानदार दोनदा जेवून आला. तीत काय बोलले ते मला ठाऊक नाही. दुपट्ट्याच्या कोऱ्या टोकानं, मधून काठाकडे पुसून ती त्यांनी माझ्या हातात दिली, भामरागडला पाठवायला. शालूच्या घरी प्लेअर आहे की नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "चालन ना हो तिकडं?"

उभ्या जन्मात पहिल्यांदाच ते हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारत होते. मी डिस्क उन्हात धरली, तिरपी केली आणि म्हणालो, "चालेल."